संदेशवाहक लस : ती घडते कशी आणि पोहोचते कशी

धर्मग्रामांत सेवा करणाऱ्या धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना २०२१ सालापासून लसीविषयी जे प्रश्न विचारले जातात, त्यांचे स्वरूप पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक प्रश्न लस कशी तयार होते याविषयीचे असतात. ती कशातून काढली, तिच्यात कोणाचे रक्तमांस आहे, ती आपल्या शरीरात शिरून काय उलथापालथ करते, हे लोकांना जाणून घ्यावयाचे असते. ती आपल्यापर्यंत कशी आली, किंवा एखादी लस आपल्यापर्यंत का आली नाही, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मते नीतिशास्त्राच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्न अधिक जड आहे. परंतु पहिल्याचे उत्तर नीट ठाऊक नसेल तर दुसऱ्याकडे लोकांचे लक्ष वळविता येत नाही. म्हणून या लेखात श्वसनमार्गाच्या विषाणूंविरुद्धची ‘एमआरएनए’ लस घडते कशी हे आधी सांगून मग तिच्या प्रवासाकडे वळू.

लिहिताना गोव्याचे पेडणे व डिचोली हे दोन तालुके आम्ही डोळ्यांपुढे ठेवले आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेलेला हा मुलूख ‘नव्या काबिजादीं’त मोडतो. येथे ख्रिस्ती वस्ती तुरळक आहे. गाव बहुतांशी हिंदू, घरचे बोलणे कोंकणी, वाचन पुष्कळसे मराठी, आणि चर्चे थोडी व दूरदूर. अशा ठिकाणी धर्मशिक्षक हा केवळ मुलांकडून प्रश्नोत्तरी पाठ करून घेणारा माणूस राहत नाही. शेजारपाजारचे सर्व धर्मांचे लोक त्याला शिकलासवरला म्हणून चार गोष्टी विचारतात. त्याने दिलेले उत्तर चुकीचे असेल तर त्याचा बोभाटा चर्चच्या आवाराबाहेरही होतो.

एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. कोविडच्या साथीत गोव्यात ज्या लसी टोचण्यात आल्या त्या एमआरएनए लसी नव्हत्या. बहुतेकांना मिळाली ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड. तिच्यात चिंपांझीला सर्दी आणणारा एक विषाणू निरुपद्रवी करून वाहक म्हणून वापरलेला असतो. काहींना हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन मिळाली. तिच्यात मारलेला करोना विषाणू असतो. फायझर कंपनीने भारतात केलेला अर्ज फेब्रुवारी २०२१ मध्ये मागे घेतला. मॉडर्नाच्या लसीला जून २०२१ च्या अखेरीस परवानगी मिळाली, तरी नुकसानभरपाईची कायदेशीर जबाबदारी कोणाची हा वाद मिटला नाही आणि ती लस भारतीयांच्या दंडापर्यंत आलीच नाही. तेव्हा मोरजीतला किंवा मयेतला एखादा गृहस्थ, एमआरएनए लसीने आपली जनुके बदलली असे भयभीत होऊन सांगू लागला, तर त्याला प्रथम हेच विचारावे की ती घेतली कोठे. कुवेत, पोर्तुगाल वा इंग्लंड येथे असलेल्या त्याच्या मुलाने ती घेतली असण्याचा संभव मात्र पुष्कळ आहे, आणि म्हणूनच हा विषय आपल्याला परका नाही.

वही आणि दाखला

मानवी पेशीची रचना समजावून सांगण्यास धर्मगुरूंच्या रोजच्या कामातलाच एक दृष्टांत पुरेसा आहे. प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्म्याची मूळ नोंदवही कपाटात कुलूपबंद असते. ती बाहेर जात नाही. कोणाला गरज पडली तर तिच्यातील एका नोंदीची नक्कल करून दाखला दिला जातो. दाखला कार्यालयात दाखविला जातो, त्यावर काम होते आणि पुढे तो फाटून जातो. पेशीच्या केंद्रात असलेले डीएनए ही मूळ वही होय. पेशीला एखादे प्रथिन बनवायचे असले की त्या वहीतील तेवढ्याच मजकुराची नक्कल निघते, ती केंद्राबाहेर येते आणि रायबोसोम नावाची सूक्ष्म यंत्रणा ती अक्षरशः वाचून प्रथिन गुंफते. या नकलेला संदेशवाहक आरएनए, म्हणजेच एमआरएनए म्हणतात. १९६१ साली तिचा शोध लागला. तिचे आयुष्य तासांत वा फार तर दिवसांत मोजण्याजोगे असते; काम झाले की पेशी ती मोडून टाकते.

लस म्हणजे असाच एक बाहेरून आणलेला दाखला. दुसऱ्या धर्मग्रामाचा दाखला कोणी आपल्याकडे आणला म्हणून आपली वही बदलत नाही. चाणाक्ष वाचक येथे हरकत घेतील की विवाह झाल्यावर दुसऱ्या धर्मग्रामाकडून कळविलेली नोंद आपण बाप्तिस्म्याच्या वहीच्या समासात करतोच की! हरकत योग्य आहे. निसर्गातही असे घडते. एचआयव्हीसारखे विषाणू आरएनएवरून उलट डीएनए लिहून काढणारे एक विकर बरोबर घेऊन येतात व मूळ वहीत स्वतःची नोंद घुसडतात. लसीत तसले विकर घातलेले नसते, आणि तिच्यातील संदेश पेशीकेंद्रात जात नाही. केंद्राबाहेरच त्याचे काम होऊन तो नष्ट होतो. शिवाय परका आरएनए शरीरात येणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. करोना विषाणूचा स्वतःचा वंशमजकूर आरएनएचाच, सुमारे तीस हजार अक्षरांचा आहे, इन्फ्लुएन्झाचाही आरएनएचाच. पावसाळ्यात सर्दीपडसे झाले की असले संदेश आपल्या नाकाघशातील पेशींत शिरतात, आणि तेही संपूर्ण विषाणू घडविण्याच्या आज्ञेसह. लसीतील संदेशात विषाणूच्या केवळ एका प्रथिनाचा मजकूर असतो. करोनाच्या बाबतीत ते विषाणूच्या पृष्ठभागावरील काट्यासारखे प्रथिन होय. या काट्याच्या जोरावर विषाणू आपल्या पेशीला चिकटतो.

कारखान्यात

जानेवारी २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी नव्या विषाणूचा वंशमजकूर प्रसिद्ध केला. त्यानंतर दोन दिवसांत मॉडर्ना कंपनीने आपल्या लसीचा आराखडा निश्चित केला आणि १६ मार्च २०२० रोजी अमेरिकेतील सिॲटल शहरी पहिल्या स्वयंसेवकाला ती टोचली गेली. ही घाई कशी साधली, चाचण्या गाळल्या की काय, असा संशय पुष्कळांना आला. वास्तविक लस घडविण्याची रीतच वेगळी असल्यामुळे वेळ वाचला. इन्फ्लुएन्झाची नेहमीची लस कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून करतात. तिला महिनेच्या महिने लागतात. येथे विषाणूची गरजच पडत नाही. मजकूर ठाऊक असला म्हणजे झाले.

त्या मजकुराचे डीएनए प्रयोगशाळेत जुळवून ते एका लहान वर्तुळाकार डीएनएत बसवितात आणि ते वर्तुळ जिवाणूंत सोडतात. आंबविण्याच्या मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढले की वर्तुळाच्या असंख्य प्रती होतात. मग जिवाणू फोडून त्या प्रती वेगळ्या काढतात, शुद्ध करतात व एका ठिकाणी कापून सरळ करतात. सजीवाचा संबंध येथे संपतो. पुढचे सर्व काम पात्रातील रसायनांचे आहे. एका विषाणूपासून मिळविलेले विकर या डीएनएवरून संदेशाच्या नकला काढत जाते. काही तासांत एका डीएनएवरून पुष्कळ नकला निघतात. नकलेच्या डोक्याला एक रासायनिक टोपी व शेवटी एकाच अक्षराची लांब शेपटी असते. ती नसेल तर पेशी तो संदेश खरा मानीत नाही. शेवटी दुसरे विकर घालून मूळ डीएनए तोडून टाकतात व उरलेला आरएनए गाळून स्वच्छ करतात.

फायझरच्या लसीच्या एका मात्रेत हा आरएनए केवळ ३० मायक्रोग्रॅम असे. मॉडर्नाच्या पहिल्या लसीत १००. या आकड्याचा अर्थ आपल्या परिसराच्या भाषेत सांगावयाचा तर असा : २०११ च्या जनगणनेप्रमाणे पेडणे व डिचोली या दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती, त्या सर्वांना एकेक मात्रा द्यावयाची तर लागणारा एकूण आरएनए पाच ग्रॅमच्या जवळपास भरेल. चहाच्या चमच्यात राहील एवढाच तो ऐवज.

एवढे सोपे होते तर इतकी वर्षे ही लस का झाली नाही? कारण दोन अडचणी होत्या. पहिली अशी की बाहेरून आलेला आरएनए दिसताच शरीर त्याला शत्रू समजून प्रखर दाह निर्माण करते. हंगेरीत एका खाटकाच्या घरी जन्मलेल्या कातालिन कारिको यांनी अमेरिकेत याच प्रश्नावर वर्षानुवर्षे काम केले. त्यांना अनुदाने मिळेनात, विद्यापीठात त्यांचे पदही खाली उतरविण्यात आले. पुढे ड्रू वाइसमन यांच्यासह त्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की आरएनएच्या चार अक्षरांपैकी एकाच्या जागी त्याचे किंचित बदललेले रूप घातले तर शरीराचा हा क्षोभ शमतो. तसली बदललेली अक्षरे आपल्या स्वतःच्या पेशींतही सापडतात. दोघांना २०२३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरी अडचण वाहतुकीची होती. उघडा आरएनए शरीरात टाकला तर क्षणात तुटतो, आणि पेशीच्या आवरणातून तो आत जाऊही शकत नाही. यावर काढलेली तोड म्हणजे मेदद्रव्याची अतिसूक्ष्म कुपी. चार प्रकारचे मेदपदार्थ मद्यार्कात विरघळवितात, आरएनए आम्लधर्मी पाण्यात ठेवतात, आणि दोन्हींचे झोत अरुंद नळीत एकमेकांवर वेगाने आदळवितात. त्या क्षणी आरएनएभोवती मेदाचे कण आपोआप जमतात. एका मिलिमीटरच्या लांबीत असे दहा हजार कण ओळीने मावावेत, इतके ते लहान असतात. चौघांपैकी एक पदार्थ आपल्या ओळखीचे कोलेस्टेरॉल आहे. दुसरा फार युक्तीचा आहे. एरवी त्यावर विद्युद्‌भार नसतो, म्हणून शरीराला तो बाधत नाही. पेशीने कण गिळला आणि तो पेशीतील आम्लयुक्त पिशवीत गेला की त्यावर धनभार येतो, पिशवीचे आवरण फुटते आणि संदेश बाहेर पडतो. २०२१ मध्ये जगभर जो तुटवडा पडला तो आरएनएपेक्षा या मेदपदार्थांचा व ते मिसळणाऱ्या यंत्रांचा अधिक होता.

दंडात टोचल्यावर तेथील स्नायूंच्या पेशी व काखेतील लसिकाग्रंथींमधील पेशी संदेश वाचून काट्याचे प्रथिन घडवितात. शरीराची संरक्षणयंत्रणा ते पाहते, त्याविरुद्ध प्रतिपिंडे व लढाऊ पेशी तयार करते आणि काही पेशींत त्याची आठवण जपून ठेवते. दंड दुखतो, एकदोन दिवस ताप येतो, तो याच खटपटीचा भाग आहे. त्याहून गंभीर परिणामही झालेले आहेत व ते लपविण्याचे कारण नाही : विशेषतः तरुण पुरुषांत, दुसऱ्या मात्रेनंतर, क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचे आढळले. कोविशील्डच्या वर्गातील लसीने फार थोड्यांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या. २०२४ मध्ये त्याची बातमी वृत्तपत्रांत गाजली तेव्हा आपल्याकडील अनेकांनी दोन्ही लसींचे दोष एकत्र कालवून टाकले. लसीमुळे संसर्ग टळण्याचा गुण काही महिन्यांत उतरतो, गंभीर आजारापासून मिळणारे संरक्षण अधिक काळ टिकते. एवढे सांगून पुढे ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणावे. हृदयविकार वा गरोदरपण असलेल्या व्यक्तीला लस घ्यावी की नाही हे वेदीवरून सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

येथे आणखी एक सूचना करावीशी वाटते. शब्द, संदेश, देहात घडून येणे ही सारी परिभाषा वाचून शब्द देहधारी झाल्याच्या रहस्याशी या लसीची तुलना करण्याचा मोह प्रवचनकाराला होण्यासारखा आहे. तो टाळावा हे बरे. दृष्टांत म्हणून तो चटकदार आहे, पण जो संदेश दोन दिवसांत विरघळून जातो त्याच्या उपमेने त्या रहस्याचे ज्ञान वाढत नाही, आणि लसीचेही नाही.

पवित्र मंडळाचे सहा मुद्दे

गर्भपात झालेल्या अर्भकाच्या पेशी लसीत असतात, ही समजूत दोन्ही तालुक्यांतील ख्रिस्ती कुटुंबांपर्यंत मोबाइल फोनवरून पोहोचलेली आहे. हिंदू शेजाऱ्यांत याच सुमारास दुसरी समजूत पसरली होती, ती वासराच्या रक्ताची; कोव्हॅक्सिनचा विषाणू ज्या माकडाच्या पेशींवर वाढवितात त्या पेशींच्या पोषणासाठी वासराचा रक्तरस वापरला जातो, परंतु तयार लसीत तो नसतो, असा खुलासा केंद्र सरकारला जून २०२१ मध्ये करावा लागला.

अर्भकाच्या पेशींविषयीची वस्तुस्थिती अशी आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी नेदरलँड्समधील लायडन येथे एका गर्भाच्या मूत्रपिंडापासून पेशींचा एक वंश तयार करण्यात आला. आज वापरल्या जातात त्या त्या मूळ पेशी नव्हेत. प्रयोगशाळेत अगणित वेळा विभागून झालेली ती संतती होय. कोविशील्डमधील वाहक विषाणू याच पेशींवर वाढविला जात असे. फायझर व मॉडर्ना यांच्या एमआरएनए लसींच्या उत्पादनात, वर सांगितल्याप्रमाणे, मानवी पेशी लागत नाहीत. मात्र संदेश बरोबर वाचला जातो की नाही हे पडताळण्याच्या काही चाचण्यांत त्यांचा उपयोग झाला. म्हणजे या बाबतीत एमआरएनए लस अधिक निष्कलंक, तरी सर्वस्वी अलिप्त नव्हे.

दुसऱ्याच्या दुष्कृत्यात आपला वाटा किती, हे ठरविण्याची पद्धत संत आल्फोन्स लिगोरींपासून आपल्या नीतिशास्त्रात रूढ आहे. दुष्कृत्याच्या हेतूशीच सहमत होऊन केलेले सहकार्य कधीही क्षम्य नसते. हेतूशी सहमती नसताना केवळ वस्तुतः घडलेले सहकार्य मात्र निकटचे की दूरचे, आणि त्याला पुरेसे गंभीर कारण आहे की नाही, यावर तोलले जाते. रोममध्ये २००५ साली जीवनविषयक परिषदेने, २००८ साली श्रद्धासिद्धान्त मंडळाच्या मार्गदर्शिकेने आणि शेवटी २१ डिसेंबर २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने निघालेल्या त्याच मंडळाच्या टिपणाने हीच कसोटी लावली. या टिपणात सहा मुद्दे आहेत. निर्दोष लस उपलब्ध नसेल, आणि साथीचा धोका गंभीर असेल, तर अशा लसी घेणे नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह आहे. त्यामुळे गर्भपाताला मान्यता मिळत नाही. लस घेणे सामान्यतः नैतिक बंधन नव्हे, ते ऐच्छिक असले पाहिजे. परंतु जो घेत नाही त्याने इतरांना आपल्यापासून बाधा होऊ नये यासाठी अन्य उपाय केले पाहिजेत. जानेवारी २०२१ मध्ये व्हॅटिकनमध्ये लसीकरण सुरू झाले तेव्हा पोप फ्रान्सिस व निवृत्त पोप बेनेडिक्ट यांनी फायझरचीच, म्हणजे एमआरएनए लस घेतली.

टिपणाचे हे पाच मुद्दे पुष्कळ चर्चिले गेले. सहावा मात्र क्वचितच कोणी वाचून दाखविला. सुरक्षित, गुणकारी व नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह लसी अत्यंत गरीब देशांनाही, त्यांच्यावर खर्चाचा बोजा न पडता, मिळतील अशी व्यवस्था करणे हे औषध कंपन्यांचे, सरकारांचे व आंतरराष्ट्रीय संस्थांचे नैतिक कर्तव्य आहे, असे त्यात म्हटले आहे. लस घेणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीला दिलासा देण्यासाठी पहिले मुद्दे आहेत. शेवटचा मुद्दा ज्याच्यापर्यंत लस गेलीच नाही त्याच्याविषयी आहे.

वाट

लस नेण्याची अडचण लसीइतकीच जुनी आहे. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तनदेवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानातील हे पहिले यशस्वी लसीकरण. ती लस बगदाद व बसऱ्यावरून आली होती. त्या काळी लस टिकविण्याचा खात्रीचा उपाय एकच होता, तो म्हणजे एकाच्या दंडावरील फोडातून पू घेऊन दुसऱ्याच्या दंडावर टोचणे. पुढच्याच वर्षी स्पेनच्या राजाने अमेरिकेतील वसाहतींकडे लस पाठविली ती बावीस अनाथ मुलांच्या दंडांवरून. जहाज चालत असता एकाकडून दुसऱ्याकडे ती जिवंत ठेवण्यात आली. त्या मुलांना कोणी काही विचारले नव्हते. उपकारक वस्तूच्या वाहतुकीचा भार कोणाच्या अंगावर पडतो हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक नाही.

‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग व दंडावरील तो वण आपल्याकडील वृद्धांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात पातळ लस नासत असे व टोचूनही उपयोग होत नसे. गोठवून सुकविलेली लस आली तेव्हा परिस्थिती पालटली. तिचे उत्पादन भारतात ज्या मोजक्या ठिकाणी होई त्यांत आपल्या शेजारचे बेळगाव एक होते. १९७५ साली देशातील देवीचा शेवटचा रोगी नोंदला गेला.

एमआरएनए लसीने तोच जुना प्रश्न नव्याने उभा केला. फायझरची लस उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावी लागे, मॉडर्नाची उणे २० अंशांवर. आपल्या देशातील बालकांच्या लसीकरणाची सारी शीतसाखळी मुख्यतः २ ते ८ अंशांवर चालते. कासारवर्णे, मये किंवा साखळी येथील आरोग्य केंद्रात बर्फाचे अस्तर असलेले शीतकपाट असते. वीज गेली तरी अस्तरातील बर्फ काही काळ तापमान सांभाळतो. तेथून परिचारिका बर्फाच्या पिशव्या लावलेल्या डब्यात लस घेऊन गावात जाते. तेरेखोल हे गाव पेडणे तालुक्यात असले तरी नदीच्या पैलतीरी, सिंधुदुर्गाला लागून आहे. केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे जावे लागते. पावसाळ्यात जेथे वीज तासन् तास जाते तेथे उणे ७० अंशांची लस नेणे म्हणजे काय, हे येथील धर्मशिक्षकाला अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

कोविशील्ड २ ते ८ अंशांत राहत असे, म्हणूनच ती या वाटेने जाऊ शकली. सप्टेंबर २०२१ पर्यंत गोव्यातील सर्व पात्र प्रौढांना पहिली मात्रा दिल्याचे राज्य सरकारने जाहीर केले व १८ सप्टेंबर रोजी पंतप्रधानांनी येथील आरोग्यसेवकांशी संवाद साधला. हा अभिमानाचा विषय खराच. त्याबरोबर दुसरी बाजूही स्मरणात असावी. २०२१ च्या मार्चअखेरीस, देशात दुसरी लाट उसळत असताना, भारताने लसींची मोठी निर्यात थांबविली. गरीब राष्ट्रांसाठीच्या ‘कोव्हॅक्स’ योजनेची सर्वांत मोठी भिस्त पुण्याच्या याच कारखान्यावर होती, आणि ती निर्यात नोव्हेंबरपर्यंत पूर्ववत झाली नाही. आपल्या गावातील शिबिरांत त्या उन्हाळ्यात आलेल्या कुप्यांची वाट आफ्रिकेतील एखादा परिचारक पाहत असला पाहिजे. गोव्यात माणसे प्राणवायूवाचून तळमळत असताना निर्यात चालू ठेवावयास हवी होती असे आम्ही म्हणत नाही. पण सहाव्या मुद्द्याचा अर्थ किती अवघड आहे ते यावरून कळते. ज्या देशांकडे लोकसंख्येच्या कित्येक पट लसींचे करार होते त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना ही अडचण सांगता येणार नाही. लसींवरील एकाधिकार शिथिल करावेत हा भारत व दक्षिण आफ्रिका यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये मांडलेला प्रस्ताव पावणेदोन वर्षे रेंगाळला आणि जून २०२२ मध्ये आखडलेल्या स्वरूपात मान्य झाला.

त्याच महिन्याच्या अखेरीस पुण्याजवळील हिंजवडीच्या जिनोव्हा कंपनीच्या ‘जेमकोव्हॅक-१९’ या लसीला आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली. भारतात घडलेली ही पहिली एमआरएनए लस. तिचे वैशिष्ट्य असे की ती गोठवून सुकविलेली असून २ ते ८ अंशांवर ठेवता येते. पाणी असले की नासाडी होते, हे पुरुमेंताच्या दिवसांत मासळी व सोले वाळवून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको. येथे फरक इतकाच की उन्हाऐवजी निर्वातात, गोठलेल्या अवस्थेतूनच पाणी उडवून लावतात आणि कणांचा आकार मोडू नये म्हणून साखरेसारखा पदार्थ घालतात. जून २०२३ मध्ये याच कंपनीची ओमायक्रॉन प्रकाराविरुद्धची लस आली. ती सुईविना, दाबाच्या बारीक झोताने त्वचेत सोडली जाते. या लसींतील संदेश पेशीत गेल्यावर काही काळ स्वतःच्या प्रती काढतो, त्यामुळे थोड्या आरएनएत काम भागते. विषाणू घडविण्याचा मजकूर त्यात नसल्याने त्यातून विषाणू मात्र निपजत नाही. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने या कामाला पैसा पुरविला होता. दुर्दैवाने तोवर बहुसंख्य लोकांच्या मात्रा घेऊन झाल्या होत्या आणि मागणी ओसरली होती. वाटेला योग्य अशी लस तयार झाली, ती वाट रिकामी झाल्यावर.

तरी ही विद्या वाया जाणारी नाही. लहान मुले व वृद्ध यांच्या फुप्फुसांना ग्रासणाऱ्या आरएसव्ही या विषाणूविरुद्ध वृद्धांसाठी केलेल्या एमआरएनए लसीला अमेरिकेत ३१ मे २०२४ रोजी मान्यता मिळाली. इन्फ्लुएन्झाविरुद्धच्या लसींच्या मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने श्वसनविकारांवरील अशा बावीस प्रकल्पांचे सुमारे पन्नास कोटी डॉलरचे साहाय्य थांबविले. यापुढील काम कोठे होईल व कोणासाठी होईल, हे त्यामुळे आजवरच्यापेक्षा अधिक प्रमाणात हैदराबाद, पुणे व केपटाउन येथील प्रयोगशाळांवर अवलंबून राहील. केपटाउन येथे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये गरीब देशांना हे तंत्र शिकविण्याचे केंद्र उघडले आहे.

पुढची साथ येईल तेव्हा लोक पुन्हा पहिलाच प्रश्न विचारतील, आणि त्याचे उत्तर आता आपल्याजवळ आहे. आरोग्य केंद्रात जाऊन आपण विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत : ही लस किती अंशांवर राहते, कुपी उघडल्यावर किती तास टिकते, तिची किंमत कोण भरणार, आणि केरीहून तेरेखोलला ती कोणत्या दिवशी जाणार.